बाबासो वस्ताद आणि दिल्लीचं भुयार

दिल्ली,
१२ नोव्हेंबर २००२

ती. बाबासोमामांस,
संघप्रियाचा सप्रेम जय भीम.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे शिक्षा आहे. परवा तुम्ही राजारामपुरीत आईकडे आला होता, तेव्हा मी घसा बसेपर्यंत ओरडले आणि तुम्ही पलीकडून "थंडी लई हाय का" एवढंच विचारत राहिलात. कुस्तीत चेंबलेले तुमचे कान रिसीव्हरला नीट लागतच नाहीत, असं आईचं म्हणणं. म्हणून आता पत्रच लिहिते. उत्तर मात्र तुम्ही स्वतः लिहायचं. अक्षताला सांगून लिहून घ्यायचं नाही. तुमची लेक तुमच्या शिव्या गाळून टाकते.

मी कुठे लागले ते नीट सांगते. दिल्लीत जमिनीखालून रेल्वे होते आहे. लांबच्या वस्त्यांतून रोज कामाला येणाऱ्या माणसांचे बसमध्ये फार हाल होतात. जुन्या दिल्लीत तर गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत की आपली मंगळवार पेठ त्यापुढे मैदान वाटेल. वर रूळ घालायला जागाच नाही, म्हणून खालून. मार्ग कागदावर कधीच ठरला आहे. पण कागदावर सरळ दिसणारी रेघ खाली सरळ जात नाही. कुठे बुजलेली विहीर लागते, कुठे कुणालाच माहीत नसलेला पाण्याचा नळ. त्यासाठी जागोजागी जमिनीला भोकं पाडून माती वर काढतात, तपासतात आणि मग मशीन पुढे सरकतं.

मशीन म्हणजे केवढं, विचारू नका. एखादा साखर कारखाना आडवा करून जमिनीत घातल्यासारखं आहे. पुढचं तोंड फिरत माती खातं आणि मागे काँक्रीटची कडी बसवत येतं.

सध्या माझं काम जमिनीवर आहे. भुयार ज्या घरांखालून जाणार त्यांच्या भिंतींतल्या जुन्या तड्यांवर मी काचेच्या पट्ट्या चिकटवते. तडा जरा वाढला की काच तुटते आणि आम्हाला कळतं. लोक मला 'काचवाली मॅडम' म्हणतात आणि चहा पाजतात. पण मामा, मला भुयाराची इंजिनिअर व्हायचं आहे आणि त्यासाठी खाली उतरून काम केल्याचा अनुभव लागतो. खाली उतरायचा दिवस आला की तुम्हाला सगळं सविस्तर लिहीन.

मामीला नमस्कार.

तुमची,
संघप्रिया


मंगळवार पेठ, कोल्हापूर,
२८ नोव्हेंबर २००२

चि. संघप्रियास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. तालमीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. आपली पोरगी दिल्लीच्या पोटात शिरली म्हटल्यावर पोरांनी जोर मारायचे थांबवले. मी थांबू दिलं. वस्तादाच्या आयुष्यात असे प्रसंग रोज येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. पिवळ्यावर लाल अक्षरं. 'दिल्लीच्या भुयारात उतरणारी कोल्हापूरची पहिली कन्या, कु. संघप्रिया हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या पेठेची नावं आहेत. ज्यांची राहिली ते माझ्याशी बोलत नाहीत.

तुझ्या पत्राचा दुसरा परिणाम असा की कोल्हापुरालाही जमिनीखालून रेल्वे पाहिजे, असं तालमीच्या कट्ट्यावर ठरलं. मार्ग मी आखला. हुपरीहून निघायचं, राजारामपुरीत थांबायचं, मंगळवार पेठेत यायचं. हुपरीची चांदीची माणसं पैंजणांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसमध्ये धक्के खात येतात, त्यांची सोय होईल. सगळ्यांना पटलं. फक्त ख्वाजा उठून उभा राहिला. ख्वाजा म्हणजे माझा लहानपणापासूनचा जोडीदार, ते तुला माहीतच आहे, आणि त्याची रिक्षाही तुला माहीत आहे. तो म्हणाला, "मग मी रिक्षात काय कोंबड्या बसवू?" शिवाय पंचगंगेला पूर आला की तुझ्या रेल्वेतनं माणसं पोहत जाणार का, असंही त्यानं विचारलं.  तू शास्त्रशुद्ध उत्तर पाठव. त्याचं तोंड बंद झालं पाहिजे.

आता खाली कसं असतं ते लिही. गार असतं का उकडतं? माती कुठल्या रंगाची? तिथल्या वस्तादाचं नाव काय? काम कुठलंही असो, वस्ताद असतोच.

शालूमामी म्हणते, डोक्यावर ती टोपी घालत जा.

तुझा,
बाबासोमामा


दिल्ली,
१५ डिसेंबर २००२

ती. मामांस,
जय भीम.

तो फलक आधी उतरवा. हात जोडते. मी अजून भुयारात उतरलेले नाही. उतरायचं आहे, एवढंच मी लिहिलं होतं. तुम्ही आनंदाच्या भरात पत्राचा शेवट खाल्लात.

आणि उतरेन असं आता वाटत नाही. गेल्या आठवड्यात मी बूट-टोपी घालून खाली जाणाऱ्या पाळण्यापाशी जाऊन उभी राहिले, तर मला बाजूला घेतलं. भुयारात बाई चालत नाही, म्हणाले. कागदावर असा काही नियम नाही. खाणीत आणि भुयारात काम करणाऱ्यांची ती जुनी समजूत आहे. बाई आत गेली की छप्पर कोसळतं, कुणाचा तरी जीव जातो. मला वाटलं होतं परदेशी माणसं असलं काही मानत नसतील. उलट तेच जास्त मानतात.

तुम्ही विचारलेल्या वस्तादाचं नाव ग्रूबर. ऑस्ट्रियाचे आहेत, साठीला आलेले. उभा जन्म डोंगर पोखरण्यात गेला. माणूस वाईट नाही. माझे आकडे रोज बारकाईनं पाहतात, शाबासकी देतात. पण खाली जायचा विषय काढला की मान हलवतात. गंमत म्हणजे भुयाराच्या तोंडाशी बार्बरा नावाच्या एका ख्रिस्ती साध्वीची मूर्ती आहे. ती भुयारवाल्यांची रक्षणकर्ती. मशीनचं नावही बाईचंच, ग्रेटा. म्हणजे राखण बाईनं करायची, माती बाईनं खायची, फक्त मी तेवढी नको.

एप्रिलमध्ये मशीन स्टेशनची भिंत फोडून बाहेर येईल. भुयाराच्या कामात तो सगळ्यात मोठा दिवस. त्याच्या आत मी खाली गेले नाही, तर कागदावर 'कार्यालयीन अनुभव' एवढंच लागेल आणि पुढच्या कुठल्याही भुयारात मला कुणी घेणार नाही. काचा चिकटवणं चांगलंच काम आहे, पण मी त्यासाठी दिल्लीला आले नव्हते.

ख्वाजाचाचांना सांगा, पुराचं पाणी अडवता येतं. दारं उंचावर ठेवायची आणि पंप बसवायचे. फक्त रेल्वे करायची तर आधी एका चौकात विहिरीसारखा प्रचंड खड्डा काही वर्षं उघडा राहील. कुणाच्या चौकात घ्यायचा ते कट्ट्यावर ठरवा.

तुमची,
संघप्रिया


मंगळवार पेठ,
३ जानेवारी २००३

चि. संघप्रियास आशीर्वाद.

खड्डा कुणाच्या चौकात यावर कट्ट्यावर एवढी भांडणं झाली की कोल्हापूरची रेल्वे रद्द केली आहे. ख्वाजानं सगळ्यांना चहा पाजला.

फलक उतरवता येत नाही. पेठेत लावलेला फलक आपण होऊन उतरवला तर लोक काय वाटेल ते बोलतात. पेंटरला बोलावून 'उतरणारी'च्या आधी बारीक अक्षरात 'लवकरच' घातलं आहे. लांबून दिसत नाही.

आता मुद्द्याचं. तुला वाईट वाटलं, ते मला कळतं. पण पोरी, खरं सांगू का, त्या ग्रूबरचा मला राग येत नाही. वस्तादाचा आखाडा, वस्तादाचा नियम. आमच्या लाल मातीत तरी बाई कुठे पाय ठेवते? तुझी मामी एवढी वर्षं तालमीत दूध-बदाम पाठवते, पण दारात डबा ठेवून मागे फिरते. मातीचा मान असतो. मला माझ्या वस्तादानं सांगितलं, मी पुढे पोरांना सांगतो. तिथं माणसाच्या जिवाशी गाठ असते, तेव्हा मनात किंतू नको असतो. ग्रूबरचंही तेच असणार. चांगला वस्ताद दिसतो.

आमची अक्षताही हल्ली तेच डोक्यात घेऊन बसली आहे. कॉलेजात ज्युडो खेळते, तिथवर ठीक आहे. आता म्हणते मुलींची कुस्ती ऑलिंपिकला जाणार आहे, मला तालमीत उतरू द्या. मी नाही म्हटलं. चार दिवस जेवणाच्या ताटावर माझ्याकडे बघत नाही. तूही तशीच रुसू नकोस. काचेचं काम मन लावून कर. धीर धरला की सगळं होतं.

तुझा,
मामा


दिल्ली,
१४ जानेवारी २००३

मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना रडले, ते रागानं.

ग्रूबर साहेब परके आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर मी भांडेन, नाहीतर दुसरीकडे जाईन. तुमचं तसं नाही. लहानपणी मला मांडीवर घेऊन तुम्हीच सांगायचा की विशीत असताना तुम्ही एका गावच्या आखाड्यात कुस्ती मागायला गेला होता आणि तिथल्या वस्तादानं तुम्हाला मातीला पाय लावू दिला नव्हता. मातीचा मान असतो, असंच तोही म्हणाला होता. तुम्ही चालत कोल्हापूरला आलात आणि मग आपल्या लोकांनी, ख्वाजाचाचांच्या वडिलांनी, सगळ्यांनी मिळून ही तालीम उभी केली. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मला ती पाठ आहे.

त्या वस्तादालाही त्याच्या वस्तादानंच सांगितलं असेल.

मला धीर धरायला सांगू नका. आणि अक्षताला तर मुळीच नको.

संघप्रिया


दिल्ली,
२२ फेब्रुवारी २००३

ती. मामांस,
जय भीम.

महिना उलटून गेला, तुमचं पत्र नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "वस्ताद गप्प हाय." तुम्ही गप्प बसल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही, त्यामुळे काळजी वाटते. मी जास्त बोलले का? बोलले असेन. पण खोटं बोलले नाही.

इथे काम जोरात आहे. एका घरातली माझी काच तुटली तेव्हा मी धावत जाऊन कळवलं आणि मशीनचा वेग कमी केला. घर शाबूत आहे. त्या घरातल्या म्हातारीनं मला गाजराचा हलवा खाऊ घातला आणि ग्रूबर साहेबांनी खास वर येऊन माझा हात हातात घेऊन हलवला. तेवढ्यात मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. पण या वेळी माझ्याकडे न बघता.

राग असला तर रागाचंच पत्र पाठवा. पण पाठवा.

तुमची,
संघप्रिया


मंगळवार पेठ,
९ मार्च २००३

चि. संघप्रियास,
उशिराबद्दल मामाचे कान धर. मोठे आहेत, सापडतील.

राग नव्हता. लाज वाटत होती. तुझं पत्र घेऊन मी तालमीच्या कट्ट्यावर बसलो आणि ख्वाजाला वाचून दाखवलं. वाटलं, हा माझी बाजू घेईल. त्यानं पत्र घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "पोरगी बरोबर हाय की. आता तू काय करनार ते सांग."  घरी गेलो तर शालू म्हणाली, इतकी वर्षं डबा दारात ठेवते तेव्हा आत वाकून बघायचं मनात यायचं, पण तुम्ही कधी या म्हटला नाहीत. एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. त्या दिवसापासून झोप लागेना. मनात आलं, ग्रूबरला पत्र लिहून तुझ्यासाठी चार शब्द टाकावेत. लिहायला बसलो आणि पेन थांबलं. जे मी माझ्या आखाड्यात करत नाही, ते दुसऱ्या वस्तादाला कुठल्या तोंडानं सांगू?

मग गेल्या मंगळवारी सकाळी अक्षताला हाक मारली आणि म्हटलं, चल. ती चप्पल घालायची विसरली.

तिला घेऊन तालमीत शिरलो. हंबीरराव, आपल्या तालमीचे जुने आधारस्तंभ, तिथेच होते. ते म्हणाले, "वस्ताद, इपरीत करताय." मी म्हटलं, व्हय. ते उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागून बरीच पोरंही गेली. अक्षता मातीच्या कडेला उभी. मी तिला सांगितलं, कपाळाला माती लाव आणि उतर. ती उतरली. आणि पोरी, मी काय केलं माहीत आहे का? मी छपराकडे बघितलं. खरंच बघितलं. कौलं जिथल्या तिथं होती. एक चिमणी बसली होती, तीही उडाली नाही.

जोडीला कुणी येईना. शेवटी आमचा जुना पैलवान पिराजी, त्याचा नातू उतरला, भीतभीतच. तिनं त्याला पहिल्या पकडीतच असा काही खाली घेतला की बाहेर गेलेली पोरं खिडक्यांना लोंबकळून बघायला लागली. त्यांच्यात हंबीररावांचं मुंडासंही दिसलं. ते खिडकीतून ओरडत होते, "ढाक मार, ढाक." पोरीला म्हणे डाव येत नव्हता, म्हणून त्यांना राहवेना. मग आत येऊन त्यांनीच तिला तो शिकवला. त्या दिवशी शालूनं डबा आत आणून दिला आणि घटकाभर बसून गेली.

आता माझी पात्रता झाली. सोबत ग्रूबर वस्तादासाठी पत्र आहे. जसंच्या तसं सांग. गुळगुळीत करू नकोस.

*ग्रूबर वस्ताद यांस,*
*मंगळवार पेठेच्या बाबासो वस्तादाचा नमस्कार.*

*मी तुम्हाला पाहिलेलं नाही, पण ओळखतो. तुमचाही आखाडा आहे, माझाही आहे. माझा एका खोलीएवढा, तुमचा शहराखालून जातो. नियम एकच होता. बाई नको. हा नियम कुणी केला ते मी कधी विचारलं नाही. माझ्या वस्तादानं सांगितलं म्हणून मी मानला. परवा भाचीनं आठवण करून दिली की असाच नियम सांगून एकदा मलाही मातीबाहेर ठेवलं होतं आणि ते मी विसरलो होतो.*

*मंगळवारी मी माझ्या मुलीला मातीत घेतलं. छप्पर पडलं नाही. एका पैलवानाचा खांदा दुखावला, पण तो माझ्या मुलीनं दुखावला.*

*तुम्ही काय करावं हे मी सांगत नाही. एका वस्तादानं दुसऱ्याला सांगू नये. माझ्याकडे काय झालं ते फक्त कळवतो. तुमच्याकडे माझी भाची आहे. ती हट्टी आहे, पण तिचा हात पक्का आहे.*

*आमची लाल माती आम्ही चाळून घेतो. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू आणि कापूर घालतो. रोज खणून वरखाली करावी लागते, नाहीतर दगड होते आणि माणसाचं हाड मोडतं. तुमच्या मातीत तुम्ही काय घालता ते कळवा.*

*बाबासो*

पोरी, शेवटचा प्रश्न मी मनापासून विचारला आहे. उत्तर आण.

तुझा,
मामा


दिल्ली,
२० एप्रिल २००३

माझ्या लाडक्या मामा,
जय भीम, जय भीम, जय भीम.

पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी ग्रूबर साहेबांच्या खोलीत गेले आणि मामीपासून तुमच्या चिमणीपर्यंत सगळं इंग्रजीत सांगितलं. मग तुमचं पत्र वाचायला लागले. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. पैलवानाच्या खांद्यापाशी आल्यावर त्यांची पाठ हलली. हसत होते. पत्र संपलं तरी ते वळले नाहीत. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी विचारलं, ताक किती घालतात?

मला कुठे माहीत? मी म्हटलं, अंदाजानं. त्यावर ते खुर्चीत बसले, कागद ओढला आणि चित्र काढून मला समजावायला लागले. मशीनच्या तोंडाशी साबणासारखा फेस सोडतात, त्यानं माती लोण्यासारखी मऊ होते. फेस कमी पडला की माती चिकटते, जास्त झाला की वाहून जाते आणि वरची घरं खचतात. आयुष्यभर आपण याच एका गोष्टीमागे आहोत, असं ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणसं मातीची एवढी मिजास सांभाळतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कापूर कशासाठी, लिंबानं काय होतं, ओल किती ठेवतात, एकेक विचारत राहिले. तुमच्यासाठी त्यांनी उत्तर लिहिलं आहे. मी मराठी करून सोबत ठेवलं आहे. सगळं फेसाबद्दलच आहे. सांभाळून वाचा, ख्वाजाचाचा कंटाळतील.

माझ्याबद्दल ते त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर गमबूट होते, माझ्या मापाचे. त्यांनी दारातून आत डोकावून एवढंच म्हटलं, "सोमवार. सकाळची पाळी."

मामा, खाली उकडतं. तुम्ही विचारलं होतं ना. हवा दमट असते आणि तेलाचा वास येतो. माती काळपट, ओली, मधेच चमकणारी. पहिल्या दिवशी दोघं-तिघं कामावर उतरलेच नाहीत. एक ओडिशाचे काका दिवसभर वर छताकडे बघत होते. मला तुमची आठवण आली आणि मी हसले, तर ते आणखीच घाबरले. आठवड्यानं त्यांनीच आपल्या थर्मासमधला चहा मला दिला. काँक्रीटचं कडं बसवताना बोल्ट कुठून आवळायला घ्यायचा तेही त्यांनीच दाखवलं.

काल मशीन बाहेर आलं. आम्ही आतल्या बाजूला होतो, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आधी घरघर, मग करकर, मग एकदम सगळा भार नाहीसा झाल्यासारखा आवाज. ग्रूबर साहेबांनी हात वर केला आणि मशीन थांबलं. पलीकडे स्टेशनात माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. आमच्याकडे सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही पडले, कुणाच्या ते आठवत नाही.

त्यांच्यात अशी रीत आहे की भिंत फुटली की मशीनच्या तोंडातल्या छोट्या झडपेतून सगळ्यांत आधी बार्बराची मूर्ती पलीकडे न्यायची. आजवर ती ग्रूबर साहेबच नेत आले. काल त्यांनी मूर्ती उचलली, बाहीनं पुसली आणि माझ्या हातात दिली.  मागून ओडिशाचे काका म्हणाले, "जाओ बेटी."

मी झडपेतून वाकून बाहेर आले, हातात ती मूर्ती, अंगभर चिखल. पुढे शेकडो दिवे आणि माणसं. मामा, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. आई विचारेल, ही कुठली देवी हातात घेतलीस? तिला सांगा, आपल्याच घरातली मावशी समज.

तुमची,
भुयारातली संघप्रिया


मंगळवार पेठ,
७ ऑगस्ट २००५

चि. संघप्रियास,
मामाचे हिमालयाएवढे आशीर्वाद.

तू तिकडे डोंगरात रेल्वेचा बोगदा खणते आहेस, आता तुझ्या हाताखाली एक अख्खी पाळी आहे आणि तुला सुट्टी मिळत नाही, हे आक्काताईनं, तुझ्या आईनं सांगितलं. म्हणून तुझ्यावाचूनच दिल्लीला जाऊन आलो. अक्षताची स्पर्धा होती. तिला ब्राँझ मिळालं. घरी आल्यावर तिच्यापेक्षा हंबीररावच जास्त रडले. तालमीत आता मुलींची वेगळी वेळ नाही, सगळे एकत्रच घाम गाळतात.

स्पर्धेनंतर अक्षता म्हणाली, बाबा, चला, दीदीची रेल्वे बघू. मी, ती आणि ख्वाजा, तिघं गेलो. ख्वाजा सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार होईना. उभा जन्म रिक्षा चालवलेला माणूस, पण जिना हलतो म्हटल्यावर त्याला घाम फुटला. शेवटी अक्षतानं त्याला लहान मुलासारखा हाताला धरून खाली नेला.

गाडी आली. काय ती थंडगार, चकचकीत. कामाला निघालेली माणसं पेपर वाचत होती, एक बाई भाजी निवडत होती. आपल्या डोक्यावर अख्खी जुनी दिल्ली आहे याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मला मात्र वाटत होतं. प्रत्येक स्टेशनला मी अक्षताला विचारत होतो, आलं का? तुझा तुकडा आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हितनं दीदीचं."

मला बसवेना. मी उभा राहिलो, चपला काढल्या आणि हातात घेतल्या. ख्वाजानं माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंही काढल्या. अक्षतानं बूट काढले. तिघं अनवाणी उभे. लोक बघायला लागले. पुढचं स्टेशन येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

शेजारच्या एका तरुण मुलानं काळजीनं हिंदीत विचारलं की बाबा, पाय दुखतात का, बसता का? मला हिंदी बोलायचं भान राहिलं नाही. मी मराठीतच म्हणालो, "न्हाय रं बाबा. हा माझ्या भाचीचा आखाडा हाय."

तुझा,
मामा